कंबर आधी, पण किती आधी?

गोल्फच्या कुठल्याही ड्रायव्हिंग रेंजवर अर्धा तास नुसतं उभं राहिलं, तरी एक सूचना हमखास कानावर पडते: ‘सर, कंबर फिरवा!’ सांगणारा कधी कोच असतो, कधी जुना कॅडी, कधी शेजारच्या मॅटवरचा अनुभवी सदस्य. ऐकणारा मान डोलावतो, पुढच्या बॉलला जीव खाऊन कंबर फिरवतो आणि बॉल आधीपेक्षाही जास्त उजवीकडे वळत जातो. सूचना बरोबरच असते, पण अर्धी. कंबर केव्हा फिरायला लागावी, ती फिरत असताना खांदे आणि हात कुठे असावेत, तिचा वेग कधी उतरावा, हे त्या सूचनेत येत नाही. स्विंगचा जोर मात्र याच तपशिलात दडलेला आहे. कंबर ताकदीने फिरवणाऱ्यापेक्षा ती योग्य क्षणी फिरवणारा बॉल लांब मारतो, सरळ मारतो आणि त्याची पाठही जास्त वर्षं साथ देते. तो क्षण नेमका कुठला आणि तो अंगवळणी कसा पाडायचा, हे या प्रकरणात पाहू. पुढचं सगळं वर्णन उजव्या हाताने खेळणाऱ्याचं आहे. त्याचा डावा पाय लक्ष्याच्या बाजूला, उजवा मागे. डावखुऱ्या वाचकांनी बाजू उलट्या कराव्यात.

आधी वेळेचा हिशोब मांडू. क्लब बॉलपासून मागे आणि वर नेण्याला, म्हणजे बॅकस्विंगला, चांगल्या खेळाडूला साधारण पाऊण सेकंद लागतो. तिथून खाली बॉलपर्यंत यायला पाव सेकंद. तीनास एक हे प्रमाण जॉन नोव्होसेल यांनी नामवंत खेळाडूंच्या व्हिडिओतल्या फ्रेम मोजून मांडलं आणि २००४ साली ‘टूर टेम्पो’ या पुस्तकातून ते खेळाडूंपर्यंत पोचलं. क्लबफेस आणि बॉल प्रत्यक्ष एकमेकांना चिकटलेले असतात ते तर सेकंदाचा सुमारे दोन हजारावा भाग एवढाच वेळ. आता या पाव सेकंदाशेजारी माणसाच्या प्रतिक्रियेचा वेळ ठेवून पाहा. डोळ्यांना काही दिसलं आणि त्यानुसार हात हलला, एवढ्यालाच साधारण एक पंचमांश सेकंद जातो. डाउनस्विंग सुरू झाल्यावर ‘आता कंबर, आता खांदे, आता मनगट’ अशा आज्ञा द्यायला मेंदूला सवडच उरत नाही. आज्ञा स्नायूंपर्यंत पोचेपर्यंत बॉल हवेत गेलेला असतो. म्हणून कमरेचं टायमिंग बॉलवर उभं राहून विचाराने सुधारत नाही. ते आधी, बॉलशिवाय, संथ गतीने शरीरात उतरवावं लागतं. सरावाकडे वळण्याआधी शरीरात नक्की काय घडतं ते समजून घेतलं, तर सराव कशासाठी करायचा हेही कळेल.

शरीराला सेन्सर बांधून स्विंग मोजण्याचं तंत्र गेल्या तीसेक वर्षांत खूप पुढे गेलं. या मोजणीत शरीराचे चार भाग धरतात: ओटीपोटाभोवतीचं हाडांचं कडं म्हणजे श्रोणी, छातीचा पिंजरा, डावा हात आणि क्लब. प्रत्येक भाग कोणत्या क्षणी किती वेगाने फिरतोय याचा आलेख काढला की चार टेकड्यांसारख्या चार रेषा दिसतात. चांगल्या खेळाडूंच्या आलेखात श्रोणीची टेकडी सगळ्यात आधी माथ्याला पोचते आणि तीच सगळ्यात बुटकी असते. व्यावसायिक खेळाडूंमध्ये ती साधारण सेकंदाला ४०० ते ५०० अंशांच्या घरात जाते. त्यानंतर छाती, तिच्याहून उंच. मग हात, आणखी उंच. शेवटी बॉलशी भेट होण्याच्या सुमारास क्लब, सेकंदाला २००० अंशांच्याही वर. या क्रमाला ‘कायनेमॅटिक सिक्वेन्स’ म्हणतात. बायोमेकॅनिक्सचे अभ्यासक फिल चीटम आणि कॅलिफोर्नियातल्या ओशनसाइडची टायटलिस्ट परफॉर्मन्स इन्स्टिट्यूट यांनी तो कोचमंडळींच्या रोजच्या बोलण्यात आणला.

या आलेखातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट टेकड्यांच्या उतारात आहे. श्रोणीचा वेग कळसाला पोचतो आणि लगेच उतरायला लागतो. तो उतरत असतानाच छातीचा वेग चढतो. छाती मंदावते तेव्हा हात धावतात आणि हात मंदावतात तेव्हा क्लब सुटतो. म्हणजे बॉलला क्लब लागतो त्या क्षणी कंबर स्वतःच्या सर्वोच्च वेगात नसते. तिचं मुख्य काम तोवर होऊन गेलेलं असतं. ज्वारीच्या शेतात माळ्यावर उभं राहून गोफण फिरवणाऱ्या राखणदाराचा हात आठवा. हात झपाट्याने पुढे येतो, मग अडतो, आणि हाताचा सगळा वेग दोरीतून दगडाला मिळतो. हात दगडाबरोबर तसाच पुढे धावत राहिला, तर दगड जवळच पडेल.

यामागचं भौतिकशास्त्र सरळ आहे. पाय, नितंब आणि धड हे शरीराचे सगळ्यात जड आणि बलवान भाग. ते फार वेगाने फिरू शकत नाहीत, पण त्यांच्यात साठणारी गती मोठी असते. ड्रायव्हरचं वजन मात्र जेमतेम तीनशे ग्रॅम. जड भाग मंदावतो तेव्हा त्याची गती हलक्या भागाकडे जाते आणि हलका भाग कित्येक पट वेगाने फिरतो. पीजीए टूरवरच्या खेळाडूच्या ड्रायव्हरचं डोकं ताशी सुमारे १८५ किलोमीटर वेगाने बॉलवर येतं ते याच वाटेने. नुसत्या हातांच्या ताकदीने एवढा वेग मिळणं अशक्य आहे. ब्रिटनमध्ये अ‍ॅलेस्टर कॉक्रन आणि जॉन स्टॉब्ज यांनी १९६८ साली ‘सर्च फॉर द परफेक्ट स्विंग’ या पुस्तकात स्विंगचं रूप एकमेकांना जोडलेल्या दोन दांड्यांच्या साध्या प्रतिकृतीने समजावलं होतं. वरची दांडी हातांची, खालची क्लबची. सेन्सरच्या युगाने त्या साखळीत हातांच्याही आधी आणखी कड्या जोडल्या.

इथे एक गैरसमज लगेच दूर करायला हवा. कंबर मंदावते याचा अर्थ खेळाडूने ती मुद्दाम थांबवायची असा मुळीच नाही. मंदावण्याची दोन कारणं आहेत आणि दोन्ही आपोआप घडतात. पोटाच्या बाजूचे तिरके स्नायू छातीच्या पिंजऱ्याला पुढे खेचतात तेव्हा त्याच ओढीने श्रोणी मागे खेचली जाते. न्यूटनचा तिसरा नियम शरीराच्या आतही लागू असतो. दुसरं कारण डावा पाय. बॉलपर्यंत पोचण्याच्या बेतात तो गुडघ्यातून सरळ होतो, जमिनीला जोरात दाबतो आणि डावा खुबा वर आणि मागे ढकलला जातो. क्रिकेटमधला वेगवान गोलंदाज चेंडू सोडताना पुढचा पाय ताठ रोवतो किंवा भालाफेक करणारा शेवटच्या पावलाला अडतो, त्यामागेही हेच तत्त्व आहे. हे न समजता ज्यांनी ‘इम्पॅक्टला कंबर थांबवायची’ असं मनाशी धरलं, त्यांची कंबर लवकरच खिळते, मनगटं क्लब पुढे फेकतात आणि बॉलऐवजी आधी माती उडते. उत्तम खेळाडूच्या इम्पॅक्टच्या क्षणाचं छायाचित्र पाहा: पट्ट्याचं बकल लक्ष्याकडे चांगलं चाळीसेक अंश वळलेलं असतं, छाती त्याहून कमी वळलेली असते. वेग उतरलेला असला तरी फिरणं चालू असतं.

आता बेन होगन यांच्याकडे येऊ, कारण ‘कंबर फिरवा’ ही सूचना आजच्या रेंजवर ज्या रूपात ऐकू येते तिचा मोठा उगम त्यांच्या पुस्तकात आहे. टेक्सासच्या या खेळाडूने हर्बर्ट वॉरन विंड यांच्या मदतीने लिहिलेलं ‘फाइव्ह लेसन्स’ १९५७ साली आलं. आधी ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ साप्ताहिकात लेखमाला, मग पुस्तक, सोबत अँथनी रॅव्हिएली यांची अप्रतिम रेखाटनं. डाउनस्विंगची सुरुवात कंबर डावीकडे वळवून करायची आणि हातांनी स्वतःहून काहीच करायचं नाही, असं होगन यांनी त्यात ठासून सांगितलं. सेन्सर नव्हते, आलेख नव्हते. स्वतःच्या शरीरावर वर्षानुवर्षं केलेला सराव हीच त्यांची प्रयोगशाळा. आणि त्यांनी सांगितलेला क्रम पुढे मोजणीतही खरा निघाला.

या माणसाने कमरेवर लिहावं याला एक वेगळंच वजन आहे. २ फेब्रुवारी १९४९ रोजी टेक्सासमध्ये दाट धुक्यात समोरून आलेली ग्रेहाउंड कंपनीची बस होगन यांच्या मोटारीवर आदळली. शेजारी बसलेल्या पत्नीला, व्हॅलरी यांना, वाचवण्यासाठी त्यांनी स्वतःला त्यांच्यावर झोकून दिलं. श्रोणी मोडली, गळ्याचं हाड आणि घोटाही मोडला. पुढे पायातल्या रक्ताच्या गुठळ्या वर सरकू लागल्या, तेव्हा शरीराच्या खालच्या भागातलं रक्त हृदयाकडे नेणारी मुख्य शीर शस्त्रक्रियेने बांधावी लागली. ते पुन्हा चालतील का, अशी शंका होती. जून १९५० मध्ये, पाय सुजलेले असताना, त्यांनी मेरियनला यूएस ओपन जिंकली, तीही १८ होलच्या जादा फेरीत. १९५३ साली तर मास्टर्स, यूएस ओपन आणि ब्रिटिश ओपन अशी तिन्ही विजेतेपदं एकाच वर्षात मिळवली. ज्याच्या कमरेचं कडं मोडून पुन्हा जुळलं होतं, त्याने अपघातानंतर आठ वर्षांनी कमरेचा धडा जगाला लिहून दिला.

तरीही होगन यांचा सल्ला सामान्य खेळाडूने जसाच्या तसा घेतला की बिघडतो, आणि त्याचं कारण होगन यांच्याच कारकिर्दीत आहे. तरुणपणी त्यांना हुकने छळलं होतं. बॉल डावीकडे झपकन वळायचा. ज्याचे हात खाली येताना जास्त चपळ असतात, क्लबफेस लवकर मिटतो, त्याने कंबर जोरात उघडली की हातांना आवर बसतो आणि बॉल सरळ जातो. होगन यांचं औषध त्यांच्या दुखण्याला चपखल होतं. बहुतेक हौशी खेळाडूंचं दुखणं नेमकं उलट असतं. त्यांचा बॉल उजवीकडे वळतो, स्लाइस होतो, कारण क्लबफेस उघडा राहतो आणि क्लब बाहेरून आत येतो. त्यांनी कंबर आणखी जोरात उघडली की खांदेही तिच्याबरोबर ओढले जातात, क्लब आणखी बाहेरून येतो आणि स्लाइस वाढतो. म्हणून कोणी ‘कंबर फिरवा’ म्हटलं की आधी स्वतःला विचारावं: माझा बॉल वळतो कुठे? पकड आणि क्लबफेस यांबद्दल मागच्या प्रकरणात जे पाहिलं ते पक्कं झाल्याशिवाय कमरेकडे वळू नये, असं मी म्हणतो ते यासाठी.

होगन यांच्यानंतरची चार दशकं या विषयात मतं बदलत गेली. बॉबी जोन्स किंवा जॅक निक्लॉस यांच्या बॅकस्विंगमध्ये डावी टाच जमिनीवरून उचलली जायची आणि कंबर मोकळेपणाने मागे वळायची. मग १९९२ मध्ये अमेरिकन कोच जिम मॅक्लीन यांनी ‘गोल्फ मॅगझिन’मधून ‘एक्स फॅक्टर’ ही कल्पना मांडली. खांदे सुमारे ९० अंश वळले आणि कंबर सुमारे ४५, तर या दोहोंमधला फरक म्हणजे एक्स फॅक्टर. लांब मारणाऱ्यांमध्ये हा फरक मोठा असतो. कल्पना चांगली होती, पण तिचा अर्थ पुष्कळांनी ‘कंबर मागे वळूच द्यायची नाही’ असा लावला. खालचं अंग घट्ट धरायचं आणि वरचं पिळायचं. ज्यांचं शरीर लवचीक नव्हतं त्यांनी हा पीळ कण्याच्या खालच्या मणक्यांतून काढला.

२००१ साली चीटम आणि सहकाऱ्यांनी या कल्पनेत वेळेचं परिमाण आणलं. कुशल आणि कमी कुशल खेळाडूंची तुलना करताना त्यांना दिसलं की स्विंगच्या शिखरावरचा कोन दोन्ही गटांना स्पष्टपणे वेगळं करत नाही. खरा फरक पुढच्या क्षणी पडतो. कुशल खेळाडूची कंबर लक्ष्याकडे निघते तेव्हा खांदे अजून मागेच असतात, त्यामुळे शिखरावर जेवढा कोन होता तोही क्षणभर वाढतो. या वाढीला त्यांनी ‘एक्स फॅक्टर स्ट्रेच’ म्हटलं. स्नायू आकुंचन पावण्याच्या लगेच आधी ताणला गेला तर तो अधिक जोर लावतो. उभ्याउभ्या उडी मारून पाहा: आधी झटकन खाली बसून लगेच उसळलात तर उंच जाता, खालीच दोन-तीन सेकंद थांबून मग उसळलात तर कमी. पोटाच्या तिरक्या स्नायूंना असा ताण द्यायला कंबर किती मागे रोखली यापेक्षा ती कोणत्या क्षणी पुढे निघाली हे जास्त महत्त्वाचं ठरतं. म्हणून चाळिशीनंतर खेळ सुरू करणाऱ्यांनी बॅकस्विंगमध्ये कंबर खुशाल वळू द्यावी, गरज पडली तर डावी टाच उचलावी. निक्लॉस यांनी अठरा मेजर विजेतेपदं टाच उचलून मिळवली आहेत.

मग कंबर आधी, पण किती आधी? उत्तर: बॅकस्विंग संपण्याच्याही किंचित आधी. क्लब अजून मागे जात असतानाच खालचं अंग परतीला लागतं. पायाखाली दाब मोजणाऱ्या पट्ट्या ठेवल्या की हे फार स्पष्ट दिसतं. बॅकस्विंगच्या पूर्वार्धात दाब उजव्या पायाकडे जातो आणि क्लब शिखरावर पोचण्याआधीच तो डावीकडे परतू लागतो. मग डावा गुडघा थोडा वाकतो, दोन्ही मांड्या बसल्यासारख्या होतात. सॅम स्नीड यांच्या स्विंगमध्ये हे इतकं ठळक दिसायचं की गोल्फमध्ये त्याला ‘स्नीड स्क्वॉट’ असंच नाव पडलं. त्यानंतर कंबर फिरते आणि मग डावा पाय सरळ होत जमिनीला ढकलतो. लांब मारणाऱ्यांच्या डाव्या पायाखालचा हा उभा रेटा त्यांच्या शरीराच्या वजनापेक्षाही जास्त होतो, आणि तो कळसाला पोचतो इम्पॅक्टच्या बराच आधी, डावा हात जमिनीला समांतर येण्याच्या सुमारास. थोडक्यात, डावीकडे दाब, फिरणं, वर ढकलणं, या क्रमाने. जपानच्या हिदेकी मात्सुयामाच्या स्विंगमध्ये शिखरावरचा विराम सगळ्यांच्या डोळ्यांत भरतो. क्लब थांबलेला दिसतो तेव्हा त्याच्या कमरेखाली पाहावं. परतीची तयारी तिथे चाललेली असते. २०२१ मध्ये ऑगस्टाला मास्टर्स जिंकणारा तो पहिला जपानी खेळाडू.

स्विंगची बाहेरची शैली आणि हा आतला क्रम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जिम फ्युरिकचा क्लब वर जाताना आणि खाली येताना हवेत असा वळसा घेतो की शिकाऊ खेळाडूला कुणी तसं करू देणार नाही. त्याच स्विंगने त्याने ऑगस्ट २०१६ मध्ये ट्रॅव्हलर्स चॅम्पियनशिपला ५८ फटक्यांची फेरी खेळली. पीजीए टूरवर तोवर इतक्या कमी फटक्यांची फेरी कोणी नोंदवली नव्हती. खाली येताना त्याचं शरीर पायांपासून वर, क्रमाने उलगडतं. वर जाण्याची वाट ज्याची त्याची. खाली येण्याचा क्रम मात्र चांगल्या खेळाडूंमध्ये आश्चर्य वाटावं इतका सारखा निघतो. लांबीच्या वेडाने हा विषय शिकणाऱ्यांनी अदिती अशोककडेही पाहावं. टोकियो ऑलिंपिकमध्ये ती चौथी आली तेव्हा तिच्याहून कितीतरी लांब मारणाऱ्या खेळाडू तिच्या मागे होत्या. पुण्याचा उदयन माने त्याच ऑलिंपिकमध्ये आणि पुण्यात जन्मलेला अनिर्बन लाहिरीही भारताकडून खेळले, तेव्हा या खेळातली चांगली उदाहरणं शोधायला आपल्याला फार लांब जायचं कारण नाही.

क्रम बिघडतो तो ठरावीक वाटांनी. सगळ्यात जास्त आढळणारी वाट म्हणजे उजवा खांदा आधी निघणं. बॉलला जोरात मारायची इच्छा हातांत आणि खांद्यांत उतरते, क्लब बाहेर फेकला जातो, कंबर मागे राहते. स्लाइसचं माहेर इथे आहे. दुसरी वाट कंबर आणि खांदे एकाच वेळी गरकन फिरण्याची. इथे खेळाडूला वाटतं, मी तर कंबर फिरवली. पण खांदे मागे राहिलेच नाहीत म्हणून ताणही तयार झाला नाही, आणि वजन बहुधा उजव्या पायावरच राहिलं. तिसरी सरकण्याची: कंबर फिरण्याऐवजी लक्ष्याकडे आडवी सरकत जाते आणि डावा खुबा डाव्या पायाच्या बाहेर लोंबतो. चौथी वाट सगळ्यात फसवी. कंबर बॉलच्या दिशेने पुढे येते, वाकलेलं धड सरळ उभं होतं, हातांना जायला जागाच उरत नाही. कोचमंडळी याला ‘अर्ली एक्स्टेन्शन’ म्हणतात. या चौथ्या दोषावर नुसत्या सूचनेचा उपयोग होत नाही, कारण तो पुष्कळदा स्विंगचा दोष नसून खुब्याच्या सांध्याचा असतो.

खुबा हा गोल सांधा आहे आणि फिरण्यासाठीच घडलेला आहे. कण्याचे कमरेतले पाच मणके मात्र फारसे फिरत नाहीत; सगळे मिळून जेमतेम दहा-पंधरा अंश. ते पुढे-मागे वाकण्यासाठी आहेत. आपण ‘कंबर फिरली’ म्हणतो तेव्हा खरं फिरणं खुब्यात व्हायला हवं, विशेषतः डाव्या खुब्यात, जिथे श्रोणी मांडीच्या हाडावर आतल्या बाजूने वळते. हे वळण कमी असेल तर शरीर फिरण्याची उरलेली गरज कुठून तरी भागवतं: एकतर धड सरळ उभं करून, नाहीतर मणक्यांना पिळून. २००४ साली व्यावसायिक गोल्फपटूंवर प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कंबरदुखीचा इतिहास असलेल्यांच्या डाव्या खुब्याचं आतल्या बाजूचं फिरणं कमी आढळलं होतं. टायगर वूड्सची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. डाव्या पायावर विलक्षण वेगाने झटका देणाऱ्या त्याच्या स्विंगची वर्षं, डाव्या गुडघ्याच्या शस्त्रक्रिया, २०१४ पासून पाठीच्या शस्त्रक्रिया, २०१७ मध्ये दोन मणके जोडण्याची शस्त्रक्रिया, आणि मग २०१९ मध्ये पुन्हा मास्टर्स. त्याच्या दुखापतींचं एकच कारण सांगणं योग्य होणार नाही, पण एवढ्या वेगाची किंमत सांधे मोजतात हे त्यातून उघड दिसतं.

तुमचा खुबा किती फिरतो ते घरीच पाहता येतं. खुर्चीवर ताठ बसा, गुडघे जुळवून काटकोनात ठेवा. मांडी न हलवता डावं पाऊल बाहेरच्या बाजूला उचला. नडगी घड्याळाच्या लंबकासारखी बाहेर जाईल. मग उजव्या पायाने हेच करा. दोन्हींत ठळक फरक असेल किंवा पाऊल जेमतेम हलत असेल, तर फिजिओथेरपिस्टला दाखवावं. दुखत असेल तर अजिबात ओढाताण नको. तोवर एक सोपा उपाय आहे, आणि तोही होगन यांच्याच पुस्तकात सापडतो: उभं राहताना उजवं पाऊल सरळ, पण डावं पाऊल लक्ष्याकडे थोडं उघडं ठेवायचं. पाऊल जेवढं उघडं, तेवढं डाव्या खुब्याला कमी वळावं लागतं. पन्नाशीपुढच्या खेळाडूंना मी कुठलाही व्यायाम सांगण्याआधी हे सुचवतो.

आता सराव. पहिलं काम खालचं आणि वरचं अंग वेगवेगळं हलवायला शिकण्याचं. गोल्फच्या पवित्र्यात उभं राहून हात छातीवर दुमडावेत, खांदे स्थिर ठेवून फक्त कंबर डावी-उजवीकडे फिरवावी. सोपं वाटतं, पण बहुतेकांचे खांदे कमरेबरोबर फिरतात. समोर कोणीतरी खांदे धरून ठेवले तर लवकर जमतं. दिवसातून पाच मिनिटं पुरे, पण रोज.

क्रमासाठी माझ्या मते सगळ्यात चांगला सराव पाऊल टाकण्याचा. दोन्ही पाय जुळवून, बॉलशिवाय, सात नंबरचं आयर्न घेऊन उभे राहा. क्लब मागे न्या आणि तो अजून वर जात असतानाच डावं पाऊल लक्ष्याकडे टाका. पाऊल जमिनीवर टेकलं की मगच क्लब खाली येऊ द्या. यात खांद्यांना आधी निघणं जवळजवळ अशक्य होतं, कारण शरीराला आधी पाय टेकवावाच लागतो. सुरुवातीला पाऊल आणि क्लब एकाच वेळी येतील. घाई करू नका. निम्म्या वेगाने, मग त्याहून संथ. पायाचा आणि क्लबचा हा छोटा फरक अंगात मुरला, की पाऊल न उचलता फक्त डावी टाच उचलून तसंच करावं, आणि शेवटी दोन्ही पाय जमिनीवर ठेवून नुसता दाब डावीकडे न्यावा.

क्लब उलटा धरण्याचा सरावही असाच गुणकारी. ड्रायव्हर त्याच्याच डोक्याजवळ धरून मूठ खाली ठेवली की तो हलका होतो आणि हवेतून ‘सूं’ आवाज करतो. हा आवाज सगळ्यात मोठा कुठे येतो ते ऐका. खांदे आधी निघाले तर तो उजव्या कानाशी, वरच येतो. क्रम बरोबर असेल तर बॉलच्या जागी आणि त्याच्या पुढे. धड सरळ उभं होणाऱ्यांनी भिंतीकडे पाठ करून, नितंब भिंतीला जेमतेम टेकतील एवढ्या अंतरावर, हातांत काही न घेता स्विंग करावा. मागे जाताना उजवा नितंब भिंतीला राहतो, खाली येताना डावा तिथे सरकतो. भिंत सुटली की चूक त्याच क्षणी कळते. कोणी सांगावं लागत नाही.

हे सगळं पूर्ण फटक्यांसाठी. ग्रीनजवळच्या छोट्या चिपला कंबर छातीबरोबर थोडीशी वळते, तिथे ताण तयार करायचा प्रश्नच येत नाही, आणि पटिंगमध्ये श्रोणी अजिबात हलू नये.

प्रगती पाहायची तर फोन पुरेसा आहे. कमरेच्या उंचीवर, अगदी समोरून, स्लो मोशनमध्ये व्हिडिओ घ्यावा. सेकंदाला २४० फ्रेमचा पर्याय असेल तर डाउनस्विंगच्या पाव सेकंदात साधारण साठ फ्रेम मिळतात. क्लब शिखराजवळ असतानाच्या फ्रेम एकेक करून पुढे सरकवा आणि दोनच गोष्टी पाहा: पट्ट्याचं बकल लक्ष्याकडे केव्हा निघालं आणि क्लब खाली केव्हा निघाला. बकल काही फ्रेम आधी निघालेलं दिसलं तर बॉल ठेवून आयर्नने निम्म्या जोराचे फटके सुरू करा, ड्रायव्हर आणखी काही आठवड्यांनी. दोन्ही एकाच फ्रेममध्ये निघाले, किंवा क्लब आधी निघाला, तर बॉल बाजूला ठेवून पुन्हा पाऊल टाकण्याचा सराव.